जपानी सूत आणि ऐनाची साल

तळा, ५ ऑक्टोबर १९५८

मैनाबाईस,
तुळशीरामदादाचा आशीर्वाद. मी बरा आहे, बैल बरा आहे, घरात तिसरं कोणी नाही, तेव्हा सगळे बरे आहेत असं समज.

भाऊबीजेच्या दिवशी पहाटेच्या ओहोटीला मांदाडहून भागोजीच्या मचव्यात साल चढवतो. वारा बरा असला तर दुपारच्या जेवणाला आगरदांड्याला असेन. यंदाची साल जाड आहे. भाताच्या राबासाठी ऐनाची झाडं तोडली तेव्हाच फांद्या सोलून घेतल्या, कडक वाळवल्या आणि पावसाळाभर माळ्यावर ठेवल्या. थेंब लागू दिला नाही. दत्ताला काहील घासून ठेवायला सांग. सुती जाळ्याला सालीचं उकळतं पाणी पाजलं नाही तर खाऱ्या पाण्यात त्याची काय गत होते ते कोळणीला मी काय शिकवू. पण गेल्या वर्षी तुझ्या दत्तानं पाणी नीट उकळलं नव्हतं, म्हणून लिहिलं.

सदूचं मुंबईहून पत्र आलं. गोदीत त्याचं बस्तान बसलं. जपानच्या बोटी फार येतात म्हणे, त्यामुळे रोज काम आहे. येताना खोकी घेऊन येतात आणि जाताना काळी दगडमाती भरून नेतात, तिच्यातून तिकडे लोखंड-पोलाद करतात. खोक्यांत काय असतं ते त्यालाही ठाऊक नाही. दगड न्यायला एवढ्या लांबून येणारी माणसं मी पाहिली नव्हती. आमच्या माळावर या म्हणावं, हवे तेवढे न्या.

पोरगा मार्गाला लागला याचं बरं वाटतं. संध्याकाळी मात्र घर खायला उठतं. बैलाशी बोलतो. तो मान हलवतो, पण ती माझं पटलं म्हणून की माशा बसतात म्हणून, ते काही कळत नाही.

तुझा दादा
तुळशीराम

*

आगरदांडा, २५ नोव्हेंबर १९५८

दादा,
तू गेलास त्याला बरेच दिवस झाले तरी अंगणात सालीचा वास आहे. जाळी रंगवून झाली. छान तांबडी उतरली. यंदा पाणी दत्तानं नाही, मी उकळलं, तेव्हा पुढल्या खेपेला बोलायला तुला काही राहिलेलं नाही.

भागोजीबरोबर सुके बोंबील आणि जवळा पाठवला आहे. बोंबील उंदरांपासून जप. मागल्या वर्षी निम्मे त्यांनीच खाल्ले असं तू सांगितलंस, पण उंदीर एवढा रस्सा कसा करतात ते मला कळलं नाही.

तू मचव्यात बसलास तेव्हा मला पहिलं वर्ष आठवलं. दत्ताचा बाप समुद्रात राहिला त्याच वर्षीची भाऊबीज. घरोघरी भाऊ आलेले, माझ्या ओटीवर कुत्रंसुद्धा नव्हतं. तू साल टाकायला आलास आणि माझं तोंड बघून तिथंच बसकण मारलीस. म्हणालास, "मला बहीन न्हाय, तुला भाऊ न्हाय. ओवाळ." शेजारणी म्हणाल्या, रांडावलेल्या बाईनं निरांजन धरू नये. तू पाटावरून उठलाच नाहीस. ते मी मरेपर्यंत विसरायची नाही. तुझ्या भाऱ्यांच्या मागून तू दिसतोस तेव्हा मला कोणीतरी आहे असं वाटतं.

इकडची गंमत म्हणजे राजपुरीच्या बुधाजीनं मुंबईहून जपानी सुताचं जाळं आणलं आहे. नायलॉन म्हणतात त्याला. पांढरं, काचेसारखं, पाण्यात दिसत नाही. ते कुजत नाही आणि त्याला साल लागत नाही म्हणे. आम्ही बायका पोट धरून हसलो. न जेवता राबणारा गडी कुणी पाहिला आहे का?

तुझी
मैना

*

तळा, २० सप्टेंबर १९६०

मैनाबाईस,
आशीर्वाद. मन थाऱ्यावर नाही म्हणून आधीच लिहितो.

दिघीवाल्यांनी यंदा साल नको म्हणून निरोप पाठवला. राजपुरीची चारही घरं हातची गेली. बुधाजी मला मांदाडच्या बाजारात दिसला आणि तोंड चुकवून मिठाच्या दुकानात शिरला. माझी खात्री आहे, म्हसळ्याकडून कोणीतरी स्वस्तात साल उतरवतो आहे. वाळवण्याआधीच भारे बांधत असेल मेला, ओल्या सालीचं वजन भरतं ना. तुम्ही खाडीवरच्या बायका हुशार, तुला नाव कळलं तर कळव. तू लिहिलं होतंस ते काचेच्या सुताचं खूळ तर आता ओसरलं असेल.

म्हणून यंदा मी वरच्या रानात गेलो. तिथं म्हातारे ऐन आहेत, त्यांच्या सालीला रंग धरतो तसा कोवळ्या फांदीला धरत नाही. चढताना एकदा पाय घसरला, गुडघा सुजला, पण साल अशी आणली आहे की म्हसळेवाल्यानं बघत राहावं.

आता माझं गिऱ्हाईक तू एकटी उरलीस. तूही नको म्हणालीस तर मला खाली यायला कारण राहणार नाही. रिकाम्या हातानं भाऊ बहिणीच्या दारात उभा राहत नाही, आमच्यात ती रीत नाही. तेव्हा किती भारे आणू ते लगेच कळव.

तुळशीराम

*

आगरदांडा, २ ऑक्टोबर १९६०

दादा,
साल आण. नेहमीपेक्षा जास्तच आण. यंदा जाळी पुष्कळ आहेत.

म्हसळ्याच्या माणसाचं नाव कळलं नाही. असेल कोणी, तू त्याच्या नादाला लागू नकोस आणि वरच्या रानात तर मुळीच जाऊ नकोस. गुडघ्याला कढत मिठाची पुरचुंडी लाव.

दत्ता हल्ली चिडचिड करतो. पोरांना सगळं मुंबईचं लागतं. तो काही बोलला तर तू ऐकून न ऐकल्यासारखं कर.

पाट घासून ठेवला आहे. तू ये म्हणजे झालं.

मैना

*

तळा, ६ नोव्हेंबर १९६०

मैना,
भाऊबीजेला घाईनं निघालो, नीट बोललो नाही. आज लिहितो.

मचवा धक्क्याला लागायच्या आधीच तुझ्या अंगणातला धूर दिसला. भागोजीला म्हणालो, बघ, माझी बहीण काहील तापवून बसली आहे. फार बरं वाटलं. मी आलो, तू गूळपाणी दिलंस, साल पाण्यात टाकलीस, पाणी लालभडक झालं. तू माझ्याकडे बघितलंस आणि घरातून जाळं आणून काहिलीत सोडलंस. ते वर काढलंस तेव्हा सगळा रंग गळून गेला. जाळं होतं तसंच पांढरं. मग बघता बघता ते आखडायला लागलं, गाठी सरकल्या, जाळ्याची घरं वेडीवाकडी झाली. तरी तू काठीनं ते पुन्हा खाली दाबत होतीस.

दत्ता धावत आला. "आये, त्येला उकळतं पानी लावायचं नसतं," एवढंच बोलला आणि खाली बसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "वरीस झालं मामा. तुमची साल परड्यात पडली हाय."

मी घरामागच्या परड्यात जाऊन बघितलं. भारे तसेच होते, सोडलेसुद्धा नव्हते. त्यांच्यावर माझ्या हातच्या गाठी होत्या.

म्हणजे म्हसळेवाला कोणी नव्हताच. मी वर्षभर नसलेल्या माणसाला शिव्या दिल्या आणि नसलेल्या माणसाशी चढाओढ करायला म्हाताऱ्या झाडांवर चढलो. सगळ्या खाडीला ठाऊक होतं, एक मला सोडून. घरी पोचल्याबरोबर सदूला पत्र लिहून विचारलं, त्या खोक्यांत काय असतं? त्यानं उत्तर पाठवलं की एका खोक्याची फळी निघाली होती, आत पांढऱ्या सुताची बंडलं होती. माझ्याच पोराच्या पाठीवरून ते सूत या देशात उतरलं. त्याला बोल कसा लावू? त्याच्या ताटातली भाकरी तिथूनच येते.

धंदा गेला याचं मला एवढं वाईट वाटत नाही. जपानची माणसंही पोटासाठीच करत असतील. पण तू माझी कीव केलीस. मी भाऊ म्हणून येत होतो आणि तू मला दारात आलेल्या भिकाऱ्यासारखं राजी ठेवत होतीस. याचं मात्र वाईट वाटलं.

दत्ताच्या जाळ्याचं नुकसान माझ्यामुळे झालं. त्याला माझ्या वतीनं सांग. यापुढं मी येणार नाही.

तुळशीराम

*

आगरदांडा, २० नोव्हेंबर १९६०

दादा,
कीव कोणी कोणाची केली ते आधी ठरवू. मी पाटाशी एकटी उभी होते तेव्हा तू बसलास, ती कीव होती का? मी तर तसं कधी म्हटलं नाही.

मला तुझी साल नको होती, हे खरं. मला तू हवा होतास. तूच लिहिलंस की रिकाम्या हातानं येणार नाहीस. मग मी काय करायचं होतं? नको म्हणून लिहायचं आणि घरात बसायचं? तू भारे घेऊन येशील एवढ्यासाठी मी वर्षभर दत्ताची बोलणी खाल्ली. तुला ते परडं दिसलं, मी मात्र तेच परडं बघून दिवस मोजत होते. या भाऱ्यांवर पाऊस पडला की मला तुझं माळ्यावर थेंब न लागू देणं आठवायचं आणि मी त्यांच्यावर गोणपाट टाकून यायची.

ते जाळं कशाला बुडवलं म्हणून तू विचारलं नाहीस, पण सांगते. घरात सुती जाळं उरलंच नाही. काहील तापली, तू समोर बसलास, पाणी लाल झालं आणि बुडवायला काही नाही. तुझ्या तोंडाकडे बघून माझा हात गेला. उकळत्या पाण्यात ते असं होतं हे मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या हातांना जाळं म्हणजे काहील एवढंच कळतं.

दत्ताचा अर्धा हंगाम गेला. दुसऱ्याच्या होडीवर जातो. माझ्याशी कामापुरतं बोलतो. ते जाळं कोपऱ्यात पडलं आहे. कशाच्याच उपयोगाचं नाही, आणि कुजतही नाही.

तू रागाव, पण ये.

मैना

*

आगरदांडा, १५ नोव्हेंबर १९६१

दादा,
वर्षभर तुझं पत्र नाही. भाऊबीजेला पाट मांडला होता. मचवा आला, त्यातून कौलं उतरली, दोन शेळ्या उतरल्या, मग भागोजी उतरला. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "तुळशीरामदादा बरे हायत," आणि पुढं गेला.

बरा आहेस तेवढं कळलं. पाट उचलून ठेवला.

मैना

*

आगरदांडा, १८ सप्टेंबर १९६४

दादा,
तीन वर्षं मी लिहिलं नाही. तू उत्तर देत नाहीस, आणि भिंतीशी बोलायचं तर त्याला पोस्टाचं तिकीट कशाला लावायचं, असा राग होता. आज लिहिते आहे त्याचं कारण वेगळं आहे आणि ते कारण नसतं तर बरं झालं असतं.

कोळ्यांच्या सोसायटीत जपानी सूत येईनासं झालं आहे. दत्ता मुंबईपर्यंत जाऊन आला. बाहेरून माल आणायचा तर सरकारला बाहेरचाच पैसा लागतो, तो पैसा धान्याला आणि बंदुकांना पुरत नाही, सुताला कुठून देणार, असं तिथं सांगतात. काळ्या बाजारात मिळतं, ते आपल्याला परवडण्यातलं नाही. जुनी नायलॉनची जाळी खडकांना लागून फाटली. ती शिवायलाही तेच सूत लागतं. सगळ्यांनी पुन्हा सुती जाळी काढली आहेत, आणि आता सगळी खाडी साल शोधत फिरते आहे. बुधाजीनं परवा मला विचारलं, तुळशीरामाचा पत्ता काय. मी सांगितलं, मिठाच्या दुकानात बघ.

दत्ता म्हणाला, "आये, मामांना लिव." चार वर्षांत पहिल्यांदा त्यानं तुझं नाव घेतलं. मला आनंद झाला आणि लाजही वाटली. गरज लागली तशी आठवण झाली, असं तुला वाटणार. वाटावंच.

म्हणून मी दत्ताला न सांगता हे लिहिते. साल आणू नकोस. एक ढलपीही आणू नकोस. परड्यातली जुनी मी वापरली, ती भिजून निम्मी गेली होती. आमची जाळी कुजायची तर कुजोत. तू नुसता ये.

मैना

*

तळा, २५ ऑक्टोबर १९६४

मैनाबाईस,
आशीर्वाद. तुझी सगळी पत्रं मिळाली होती. उत्तर लिहायला बसायचो, दादा म्हणून सही करायची वेळ आली की हात थांबायचा. आज थांबू दिला नाही.

वरच्या रानातले ऐन कोळशाच्या ठेकेदारानं नेले. माझ्या बांधावरचे तेवढे उरलेत. पण साल आहे. तुला हसू येईल, मी काम सोडलंच नव्हतं. दर वर्षी राबाला फांद्या तोडल्या की सोलायचो, वाळवायचो, भारे बांधून माळ्यावर चढवायचो. कोणासाठी ते विचारू नकोस. गिऱ्हाईक नाही हे डोक्याला कळलं होतं, हातांना कोणी सांगितलं नाही. माळा भरला तेव्हा खाली ठेवायला लागलो. आता भाऱ्यांच्या मधून वाट काढत चुलीपाशी जातो.

हे सगळं भागोजीबरोबर पाठवतो आहे. दत्ताला लागेल ते ठेव, बाकी खाडीवर वाटून टाक. बुधाजीलाही दे. त्यानं तरी काय केलं? स्वस्त आणि टिकाऊ मिळालं ते घेतलं, मीही घेतलं असतं.

मी स्वतः येत नाही. गुडघा हे एक कारण, पण ते खरं नव्हे. सालीबरोबर आलो तर सालीमुळं आलो असं होईल. तुला तसं वाटणार नाही म्हणशील, पण मला वाटेल. इतकी वर्षं आपण भाऊ-बहीण होतो की गिऱ्हाईक-व्यापारी, हे माझं मलाच कळेनासं झालं आहे.

बैल गेल्या उन्हाळ्यात गेला. आता कोणी मान हलवत नाही.

तुझा दादा
तुळशीराम

*

आगरदांडा, १० नोव्हेंबर १९६४

दादा,
मी निरांजन घेऊन धक्क्यावर उभी होते. पत्रात येत नाही लिहिलंस तरी मचव्यात असशील असं मनानं घेतलं होतं. भागोजी भारे उतरवत गेला, मी माणसं मोजत राहिले. शेवटचा भारा उतरला तेव्हा मचव्याचा तळ दिसला.

मग मी त्या भाऱ्यालाच ओवाळलं. सुपारी ठेवली, कुंकू लावलं, तुझ्या हातच्या गाठीवर तांदूळ टाकले. धक्क्यावरचे लोक बघत होते. कोणी हसलं नाही, बुधाजीनं तर टोपी काढली. वाऱ्यानं वात विझली, ती दत्तानं पुन्हा लावून दिली.

संध्याकाळी साऱ्या आळीत काहिली पेटल्या. किती वर्षांनी तो वास आला. म्हाताऱ्या बाया बाहेर येऊन नुसत्या बसल्या होत्या. दत्तानं आपल्या हातानं जाळं बुडवलं, तांबडं काढलं आणि मला दाखवलं. मी आत जाऊन रडून घेतलं.

सगळं मिळालं दादा, तू मिळाला नाहीस.

मैना

*

तळा, ४ डिसेंबर १९६४

मैना,
पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. भाऱ्याला ओवाळलंस, वेडी आहेस.

सदू घरी येऊन बसला आहे. बोटी कमी झाल्या, रोजावरच्या माणसांना गोदीत काम नाही. माझ्या सालीला गिऱ्हाईक आलं आणि त्याचं काम गेलं. बोटी आल्या की बाप बसतो, थांबल्या की पोरगा बसतो. एका घरात दोघांनाही एकदम सुख लागायचं नाही असं कोणी लांब बसून ठरवतं, आणि त्याला आम्ही माहीतही नसतो. सदू दिवसभर बोलत नाही. घरात दोन माणसं आहेत पण घर अजून रिकामंच आहे.

तुला शब्द देतो. पुन्हा कधीतरी बोटी येतील, सदू परत जाईल, जपानी सूत सोसायटीत येईल आणि तुला माझ्या सालीची गरज उरणार नाही. त्या वर्षी मी येईन, रिकाम्या हातानं. तोवर भारे पाठवत जातो.

तुळशीराम

*

आगरदांडा, २ ऑक्टोबर १९६६

दादा,
सूत आलं.

परवा सोसायटीत खोकी उतरली. दत्तानं नायलॉनचं घेतलं, बुधाजीनं घेतलं, सगळ्यांनी घेतलं. सदूचंही कार्ड आलं, गोदीत पुन्हा रोज काम आहे म्हणतो. तुझ्याबद्दल एक अक्षर त्यानं लिहिलं नाही. तो गेला म्हणजे तू पुन्हा एकटा.

गेल्या भाऊबीजेला भारे आले, पत्र आलं नाही. मी गाठी बघितल्या, त्या तुझ्या हातच्या नव्हत्या. भागोजीला विचारलं, तो "भारे सदूनं दिले" एवढंच म्हणाला आणि सुकाणूकडे वळला. तेव्हापासून मी चार पत्रं लिहिली. पाचवं हे.

आज मी काहील घासली आणि परड्यात उपडी घातली. मला तुझी साल नको, दादा. घरात एकही जाळं नाही जे काहिलीत जाईल. तू शब्द दिला होतास ते वर्ष हेच.

भाऊबीजेला मी धक्क्यावर असेन. मचव्यातून तू उतरलास तर घरी नेऊन पाटावर बसवीन. नाही उतरलास तर भरतीबरोबर त्याच मचव्यात मी चढते आणि मांदाडला येते. बहिणीनं भावाकडे जायची रीत नसेल तर नसो. तू झोपलेला असलास तर झोपल्या जागी ओवाळीन. बोंबील आणणार नाही, जवळा आणणार नाही. हातात निरांजन असेल, तेवढंच.

तुझी
मैना